बोधनिक संघर्ष आणि मेंदूचे प्रतिमांकन : संख्याशास्त्रीय प्रतिमानाच्या रचनेतील प्रतिक्रियाकालाचा प्रश्न – एक चिकित्सा

सारांश

परस्परविरोधी प्रतिसादांपैकी एकाची निवड करताना विचारप्रक्रियेत जी ओढाताण होते, तिला बोधनिक संघर्ष असे म्हटले जाते. या संघर्षाचे मेंदूतील स्थान शोधण्यासाठी 1990 च्या दशकापासून एफएमआरआय तंत्राचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला. तथापि संघर्ष असलेल्या फेरीत उत्तर देण्यास अधिक वेळ लागतो आणि एफएमआरआयमधील संकेत केवळ वेळ वाढल्यानेही वाढतो. या दोन गोष्टींची सरमिसळ संख्याशास्त्रीय प्रतिमानात कशी होते, ती दूर करण्याचे कोणते मार्ग सुचविले गेले आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रतिक्रियाकाल प्रतिमानात घेणे अथवा न घेणे हा केवळ तांत्रिक तपशील नसून संशोधक प्रत्यक्षात कोणता प्रश्न विचारत आहे हे ठरविणारा निर्णय आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बोधनिक संघर्ष, एफएमआरआय, सामान्य रेषीय प्रतिमान, प्रतिक्रियाकाल, मध्यस्थ चल

1. प्रस्तावना

'हिरवा' हा शब्द लाल शाईत छापलेला असेल आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगावयाचा असेल, तर साक्षर व्यक्ती क्षणभर अडखळते. वाचनाची सवय एक उत्तर पुढे करते, दिलेले काम दुसरेच उत्तर मागते. जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 मध्ये हा परिणाम प्रयोगाने दाखविला आणि त्यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी मानसशास्त्रातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कसोट्यांपैकी एक ठरली. शब्द व रंग जुळतात ती 'सुसंगत' फेरी आणि जुळत नाहीत ती 'विसंगत' फेरी होय. विसंगत फेरीतील प्रतिक्रियाकालातून सुसंगत फेरीतील प्रतिक्रियाकाल वजा केला की संघर्षाचे वर्तनातील माप मिळते. या वजाबाकीमागील तर्क त्याहून जुना आहे. मानसिक क्रियेला लागणारा वेळ दोन कामांच्या कालावधीतील फरकाने मोजता येईल, ही कल्पना डच शास्त्रज्ञ डोंडर्स यांनी 1868 मध्ये मांडली होती.

मेंदूच्या प्रतिमांकनाने हीच वजाबाकी स्वीकारली. विसंगत फेऱ्यांतील संकेतातून सुसंगत फेऱ्यांतील संकेत वजा करावयाचा आणि जे उरेल त्यास संघर्षाचे मेंदूतील प्रतिबिंब मानावयाचे, अशी ही पद्धत आहे. येथेच एक मूलभूत अडचण उद्भवते. मानसशास्त्रज्ञाच्या दृष्टीने वेळेतील फरक हाच संघर्षाचा पुरावा आहे. प्रतिमांकन करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तोच फरक निष्कर्षाला दूषित करू शकणारा घटक आहे. एकाच राशीच्या या दुहेरी भूमिकेमुळे मेंदूच्या नकाशावर उजळलेला भाग संघर्षामुळे उजळला की केवळ अधिक वेळ कार्यरत राहिल्यामुळे, हे सांगणे कठीण होते. या प्रश्नाचे उत्तर प्रतिमांकन यंत्राकडून मिळत नाही. ते प्रतिमानाच्या रचनेत शोधावे लागते.

2. संघर्ष-निरीक्षणाचा सिद्धांत

स्ट्रूप कसोटीच्या वेळी मेंदूच्या मध्यभागी, ललाटखंडाच्या आतील बाजूस असलेला अँटिरिअर सिंग्युलेट हा भाग अधिक क्रियाशील होतो, असे निरीक्षण पार्डो आणि सहकाऱ्यांनी पेट तंत्राच्या आधारे 1990 मध्ये नोंदविले. पुढे कार्टर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये असे दाखविले की, हा भाग केवळ चूक झाल्यावर क्रियाशील होत नाही. परस्परविरोधी प्रतिसादांत चढाओढ असताना उत्तर बरोबर आले तरीही तेथील क्रियाशीलता वाढते. या निरीक्षणांना बॉट्विनिक, ब्रेव्हर, बार्च, कार्टर आणि कोहेन यांनी 2001 मध्ये एका संगणकीय सिद्धांताचे रूप दिले. एकाच वेळी जागृत झालेल्या विसंगत प्रतिसादांच्या सक्रियतेचा गुणाकार वाढला की संघर्ष वाढतो. हा भाग त्या संघर्षाची दखल घेतो आणि अधिक नियंत्रणाची गरज असल्याचा इशारा देतो, असा या मांडणीचा आशय आहे.

या सिद्धांताचे सामर्थ्य त्याच्या नेमकेपणात आहे. संघर्ष ही केवळ वर्णनात्मक संज्ञा न राहता मोजता येणारी राशी बनली. एका विसंगत फेरीनंतर येणाऱ्या दुसऱ्या विसंगत फेरीत अडथळा कमी का होतो, या ग्रॅटन, कोल्स आणि डॉन्चिन यांनी 1992 मध्ये वर्णिलेल्या प्रश्नालाही त्यातून उत्तर मिळाले. मात्र त्याच मांडणीत पुढील वादाचे बीजही होते. दोन प्रतिसादांतील चढाओढ जितकी तीव्र, तितका निर्णयास विलंब अधिक. म्हणजेच सिद्धांतानुसार संघर्ष आणि प्रतिक्रियाकाल ही बहुतेक वेळा एकत्रच वाढणारी जोडी आहे.

3. तीव्रता आणि कालावधी यांची सरमिसळ

एफएमआरआय तंत्र चेतापेशींची क्रिया थेट मोजत नाही. रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणाशी निगडित असणारा, ओगावा आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये वर्णिलेला 'बोल्ड' संकेत ते मोजते. चेतापेशींची क्रिया क्षणार्धात होऊन गेली तरी हा संकेत संथपणे चढतो, साधारण पाच ते सहा सेकंदांनी शिखर गाठतो आणि नंतर हळूहळू उतरतो. त्यामुळे एक-दोन सेकंदांपेक्षा लहान घटनांच्या बाबतीत क्रिया अधिक तीव्र होती की अधिक वेळ चालली, हे संकेताच्या आकारावरून वेगळे करता येत नाही. दोन्ही स्थितींत शिखर उंचावलेलेच दिसते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सुसंगत फेरीत उत्तरास सरासरी 650 मिलिसेकंद आणि विसंगत फेरीत 750 मिलिसेकंद लागतात असे समजू. मेंदूचा एखादा भाग उत्तर देईपर्यंत दोन्ही फेऱ्यांत अगदी सारख्याच तीव्रतेने काम करतो असेही मानू. तरीही विसंगत फेरीत तो 100 मिलिसेकंद अधिक काम करील आणि त्याचा संकेत सुमारे 15 टक्क्यांनी मोठा येईल. या भागाला संघर्षाची काहीही जाण नसताना वजाबाकीच्या नकाशावर मात्र तो 'संघर्षाचे केंद्र' म्हणून उजळेल. दृष्टीसंबंधीचा भाग, बोटाची हालचाल योजणारा भाग, किंबहुना उत्तर मिळेपर्यंत कार्यरत राहणारा कोणताही भाग या आक्षेपाच्या कक्षेत येतो.

4. 2011 मधील वाद

हा आक्षेप केवळ तात्त्विक राहिला नाही. कार्प आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये असे दाखविले की, मध्यस्थ ललाट भागातील सुसंगत-विसंगत फरकाचे स्पष्टीकरण सरासरी प्रतिक्रियाकालातील फरकाने देता येते. चुकांशी निगडित फरकाचे मात्र देता येत नाही. त्यानंतर ग्रिनबँड आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अधिक टोकाची भूमिका घेतली. त्यांच्या विश्लेषणानुसार या भागाची क्रियाशीलता सुसंगतता, चुकीची शक्यता किंवा प्रतिसादांतील संघर्ष यांपैकी कशाशीही निगडित नसून कामावर घालविलेल्या वेळेबरोबर वाढत जाते.

यंग, कोहेन आणि बॉट्विनिक यांनी त्याच वर्षी या लेखाला उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : संघर्ष वाढला की वेळ वाढतो, हे सिद्धांताचेच भाकीत आहे. अशा स्थितीत प्रतिक्रियाकालाचा प्रभाव आधी काढून टाकला आणि नंतर संघर्षाचा प्रभाव शोधला, तर तो सापडू नये यात नवल नाही. जे मोजावयाचे तेच वगळून ते नाही असा निष्कर्ष काढणे तर्कदुष्ट ठरते.

दोन्ही पक्षांचे युक्तिवाद त्यांच्या चौकटीत सुसंगत आहेत, ही या वादातील लक्षणीय बाब आहे. त्यांतील मतभेद आकडेमोडीबद्दल नाही. प्रतिक्रियाकाल हा संघर्षाशी योगायोगाने जोडला गेलेला बाह्य घटक आहे, की संघर्षापासून मेंदूतील संकेतापर्यंतच्या वाटेवरील मध्यस्थ चल आहे, यावर तो मतभेद उभा आहे. बाह्य घटक असेल तर त्याचा प्रभाव वगळणे आवश्यक आहे. मध्यस्थ असेल तर तो वगळल्याने संघर्षाचा एकूण परिणाम मिळत नाही. वेळेच्या मार्गाने न जाणारा, उर्वरित परिणाम तेवढा मिळतो. कोणती भूमिका योग्य, हे त्याच संकेतमालिकेवरील सार्थकता-कसोटीने ठरत नाही. ते कारणविषयक गृहीतकांनी ठरते आणि ती गृहीतके बहुतांश अहवालांत अव्यक्तच राहतात.

5. प्रतिमानरचनेचे पर्याय

एफएमआरआयच्या विश्लेषणात सामान्यतः सामान्य रेषीय प्रतिमान वापरले जाते. प्रत्येक प्रकारच्या फेरीसाठी अपेक्षित संकेताचा एक स्तंभ तयार केला जातो आणि प्रत्यक्ष संकेत या स्तंभांच्या भारित बेरजेने कितपत स्पष्ट होतो हे पाहिले जाते. हे स्तंभ कसे रचले, यावर निष्कर्षाचा अर्थ अवलंबून असतो.

पहिला पर्याय स्थिर कालावधीचा. सर्व फेऱ्यांना समान लांबी दिली जाते आणि प्रतिक्रियाकालाची दखल घेतली जात नाही. ही पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्यात मिळणारा फरक तीव्रतेचा असू शकतो, कालावधीचा असू शकतो किंवा दोन्हींचा असू शकतो. अहवालात मात्र तो बहुधा तीव्रतेचा म्हणून वाचला जातो.

दुसरा पर्याय बदलत्या कालावधीचा. ग्रिनबँड आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये पुरस्कारलेल्या या पद्धतीत प्रत्येक फेरीची लांबी त्या फेरीच्या प्रतिक्रियाकालाइतकी धरली जाते. उत्तर मिळेपर्यंत कार्यरत राहणाऱ्या भागांसाठी ती योग्य आहे. परंतु उद्दीपक दिसताच ठराविक काळ प्रतिसाद देऊन थांबणाऱ्या भागांवर ती चुकीचा आकार लादते. अशा भागात दीर्घ फेऱ्यांचा गुणांक वास्तवापेक्षा लहान येतो आणि उलट्या दिशेचा खोटा फरक उत्पन्न होऊ शकतो.

तिसरा पर्याय प्रतिक्रियाकालानुसार उंची बदलणारा अतिरिक्त स्तंभ जोडण्याचा. वरवर पाहता तो निर्दोष वाटतो. परंतु त्यातील एक बारकावा वारंवार दुर्लक्षिला जातो. सुसंगत आणि विसंगत फेऱ्यांसाठी असे दोन स्वतंत्र स्तंभ करून प्रत्येकातील प्रतिक्रियाकाल त्या-त्या प्रकाराच्या सरासरीभोवती केंद्रित केला, तर वरील उदाहरणातील 650 आणि 750 या दोन्ही सरासरी शून्यावर येतात. प्रकारांतर्गत चढउतार तेवढे या स्तंभांत राहतात आणि 100 मिलिसेकंदांचा मूळ फरक सुसंगत-विसंगत स्तंभांकडेच सोपविला जातो. प्रतिक्रियाकाल 'नियंत्रित' केल्याचे अहवालात नमूद होते. प्रत्यक्षात ज्या फरकाबद्दल आक्षेप होता तो अस्पर्शितच राहतो.

चौथा पर्याय ममफर्ड, पोल्ड्रॅक आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात मांडला. प्रत्येक प्रकारासाठी स्थिर कालावधीचा एक स्तंभ आणि सर्व फेऱ्यांसाठी मिळून प्रतिक्रियाकालाइतक्या लांबीचा एकच सामायिक स्तंभ, अशी ही रचना आहे. परिणामी प्रतिक्रियाकालाशी निगडित बदल आणि त्याव्यतिरिक्त उरणारा प्रकारांतील फरक, असे दोन स्वतंत्र अंदाज मिळतात. या द्वंद्वाला त्यांनी प्रतिक्रियाकालाचा विरोधाभास असे संबोधिले आहे.

6. चौथ्या पर्यायाचे मूल्यमापन

ही रचना मेंदूचा कोणता भाग कोणत्या पद्धतीने वागतो हे आधीच ठरवून टाकत नाही, हा तिचा मोठा गुण होय. एखादा भाग वेळेबरोबर बदलत असेल तर सामायिक स्तंभ ते टिपतो. बदलत नसेल तर त्या स्तंभाचा गुणांक शून्याजवळ राहतो. पहिल्या दोन पर्यायांत ही लवचिकता नाही. शिवाय ती प्रचलित संगणक प्रणालींत सहज उभारता येते.

तरीही तिच्या मर्यादा स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी की, सामायिक स्तंभ एकच असल्याने वेळ आणि संकेत यांचे नाते सुसंगत व विसंगत फेऱ्यांत सारखेच आहे असे गृहीत धरले जाते. विसंगत फेरीतील प्रत्येक अतिरिक्त मिलिसेकंदात मेंदू वेगळे काम करीत असेल, तर हे गृहीतक टिकत नाही. दुसरी मर्यादा अर्थनिर्णयाची आहे. या प्रतिमानातून मिळणारा उर्वरित फरक म्हणजे 'खरा संघर्ष' असे म्हणता येत नाही. समान प्रतिक्रियाकाल असलेल्या विसंगत व सुसंगत फेऱ्यांतील फरक, एवढाच त्याचा अर्थ आहे. समान वेळ लागलेल्या दोन फेऱ्यांपैकी विसंगत फेरी ही तिच्या प्रकारात जलद आणि सुसंगत फेरी तिच्या प्रकारात मंद असण्याची शक्यता असते. जलद विसंगत फेरीत लक्ष अधिक एकाग्र असेल आणि मंद सुसंगत फेरीत ते विचलित झाले असेल, तर तुलना वेळेपुरती समान होऊनही मनःस्थितीपुरती असमान होते. यंग आणि सहकाऱ्यांच्या आक्षेपातील सार येथे शिल्लक राहते.

म्हणून प्रतिमानातील सुधारणा ही प्रयोगरचनेला पर्याय ठरू शकत नाही. मायर, ऑव्ह आणि लॉरी यांनी 2003 मध्ये दाखविल्याप्रमाणे, लागोपाठच्या फेऱ्यांतील संघर्षाचे परिणाम हे तेच उद्दीपक व तोच प्रतिसाद पुन्हा आल्याचे परिणामही असू शकतात. फेऱ्यांचा क्रम ठरवितानाच ही पुनरावृत्ती टाळली नाही, तर नंतर कितीही स्तंभ जोडून ती दुरुस्ती समाधानकारक होत नाही. बोल्ड संकेताबाहेरील पुराव्याचे मोलही यामुळे वाढते. शेठ आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मानवी शस्त्रक्रियेच्या वेळी एकेका चेतापेशीची नोंद घेतली. अँटिरिअर सिंग्युलेटमधील चेतापेशी चालू आणि आधीच्या फेरीतील बोधनिक भार नोंदवितात, तसेच त्या भागावरील शस्त्रक्रियेनंतर आधीच्या फेरीनुसार वर्तन जुळवून घेण्याची क्रिया लोप पावते, असे त्यांना आढळले. हा भाग निव्वळ घड्याळाप्रमाणे वेळ मोजतो, या टोकाच्या निष्कर्षाला अशा पुराव्यामुळे आवर बसतो.

7. गटस्तरावरील परिणाम

प्रश्न एका व्यक्तीच्या नकाशापुरता असता तर तो तज्ज्ञांच्या चर्चेत राहिला असता. परंतु बोधनिक संघर्षाचे प्रतिमांकन वृद्धत्व, मानसिक विकार आणि व्यक्तिभेद यांच्या अभ्यासात सर्रास वापरले जाते. तेथे एका व्यक्तीच्या पातळीवरील सरमिसळ गटाच्या निष्कर्षापर्यंत पोहोचते.

मागील उदाहरणातील व्यक्तीला दोन फेऱ्यांत 100 मिलिसेकंदांचा फरक पडतो. दुसऱ्या एका व्यक्तीला सर्वच उत्तरांस अधिक वेळ लागतो. तिचे सुसंगत फेरीचे 900 आणि विसंगत फेरीचे 1040 मिलिसेकंद आहेत असे मानू. प्रमाणाच्या दृष्टीने संघर्षाचा परिणाम दोघांत जवळजवळ सारखाच आहे. मात्र दुसऱ्या व्यक्तीतील फरक 140 मिलिसेकंदांचा असल्याने, मेंदूची तीव्रता समान असूनही, स्थिर कालावधीच्या प्रतिमानात तिच्या संकेतातील फरक 40 टक्क्यांनी मोठा येईल. पहिली व्यक्ती तरुण आणि दुसरी वृद्ध असेल, तर वृद्धांचा मेंदू अधिक श्रम घेऊन उणीव भरून काढतो असा निष्कर्ष निघू शकेल. दुसरी व्यक्ती रुग्ण असेल, तर हाच फरक विकाराचे लक्षण म्हणून नोंदविला जाईल. दोन्ही ठिकाणी दिसली ती केवळ संथ गती.

सहसंबंधांच्या बाबतीतही असेच घडते. ज्यांचा प्रतिक्रियाकालातील फरक मोठा, त्यांचा संकेतातील फरकही मोठा, असा संबंध स्थिर कालावधीच्या प्रतिमानातून आपोआप उत्पन्न होऊ शकतो. तो मेंदू व वर्तन यांच्यातील शोध म्हणून प्रसिद्ध झाला तरी वस्तुतः एकच राशी दोनदा मोजली गेलेली असते. गटस्तरावर प्रतिक्रियाकालातील फरक सहचल म्हणून जोडणे हा यावरील उपाय समजला जातो, पण तो अपुरा आहे. असा सहचल सरासरीभोवती केंद्रित केला असता व्यक्तिव्यक्तींतील चढउतार तेवढे स्पष्ट होतात. संपूर्ण गटाच्या सरासरी फरकात मिसळलेला वेळेचा अंश तसाच राहतो. सरमिसळ जेथे होते तेथेच, म्हणजे प्रत्येक व्यक्तीच्या संकेतमालिकेच्या प्रतिमानातच, ती हाताळली गेली पाहिजे.

विश्लेषणातील निवडी निष्कर्ष बदलू शकतात, याचा व्यापक पुरावा 2020 मध्ये पुढे आला. निर्णयप्रक्रियेच्या एका अभ्यासाची 108 व्यक्तींची तीच सामग्री 70 संशोधक गटांना देऊन तीच 9 गृहीतके तपासण्यास सांगण्यात आले होते. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणपद्धती एकसारखी नव्हती आणि अनेक गृहीतकांबाबत त्यांचे निष्कर्ष भिन्न आले. प्रतिक्रियाकालाची निवड ही अशा अनेक निवडींपैकी एक आहे. मात्र संघर्षाच्या अभ्यासात तिचा संबंध थेट अभ्यासविषयाच्या व्याख्येशी येतो, म्हणून तिचे महत्त्व इतर निवडींहून अधिक आहे.

8. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील मुद्दे निष्पन्न होतात.

(1) संघर्षाच्या अभ्यासात प्रतिक्रियाकालाकडे दुर्लक्ष करणारे प्रतिमान तटस्थ नसते. वेळेचा संपूर्ण परिणाम संघर्षाच्या खात्यावर जमा करण्याचा निर्णय त्यात अनुस्यूत असतो.

(2) प्रतिक्रियाकाल समाविष्ट करणारे प्रतिमानही तटस्थ नसते. वेळेच्या मार्गाने होणारा संघर्षाचा परिणाम ते वेगळा काढते. त्यामुळे उरलेला फरक शून्य आल्यास 'या भागाचा संघर्षाशी संबंध नाही' असे विधान करता येत नाही.

(3) यास्तव दोन्ही अंदाज, म्हणजे प्रतिक्रियाकालाशी निगडित बदल आणि तो वगळून उरणारा फरक, एकत्र सादर केले जावेत. प्रतिक्रियाकाल बाह्य घटक मानला की मध्यस्थ, हे सामग्री गोळा करण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

(4) भिन्न गतीने काम करणाऱ्या गटांची तुलना करताना, व्यक्तीच्या पातळीवरील प्रतिमानात प्रतिक्रियाकाल न घेता काढलेले निष्कर्ष पुनर्विश्लेषणापर्यंत तात्पुरते मानावेत. रुग्णांविषयीच्या विधानांना हा निकष विशेष कठोरपणे लावला पाहिजे, कारण तेथे चुकीच्या अर्थनिर्णयाची किंमत संशोधकाला नव्हे तर रुग्णाला मोजावी लागते.

असे पुनर्विश्लेषण करण्यासाठी स्वतःचे प्रतिमांकन यंत्र असण्याची गरज नाही. ओपनन्यूरोसारख्या सार्वजनिक संग्रहांत अशा प्रयोगांची सामग्री विनामूल्य उपलब्ध आहे. त्यामुळे महाविद्यालयीन स्तरावरील मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र या विभागांना एकत्रितपणे हा प्रश्न हाती घेता येण्यासारखा आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासकाने संघर्षाची व्याख्या करावयाची आणि संख्याशास्त्राच्या अभ्यासकाने ती स्तंभांत उतरवावयाची, अशी विभागणी मात्र येथे चालणार नाही. स्तंभांची रचना ठरते तेव्हाच व्याख्याही ठरत असते. ती दोघांनी मिळून ठरविणे हेच या विषयातील पुढील संशोधनाच्या दृष्टीने हितावह होय.